जमादाराचा रुसवा

जमादारानं पनीरच्या वाटीकडं पाठ फिरवली, तेव्हा विश्वंभरनाना दाढी करत होते. अर्धी झाली होती, अर्धी राहिली होती, आणि ती तशीच राहिली.

जमादार म्हणजे बोका. मान जाड, मिशा ताठ, आणि चाल अशी की वाडीवस्तीचा सारा बंदोबस्त आपल्याकडंच आहे. त्याला शुगर होती. ही गोष्ट लपवण्यासारखी नव्हती आणि नानांनी ती कधी लपवलीही नाही. बोका दिवसभर रांजणापाशी बसून पाणी पिऊ लागला आणि कोपऱ्यात त्यानं केलेल्या लघवीला मुंग्यांची रांग लागली, तेव्हा रोग ओळखला तो नानांनीच. कारण ते स्वतः शुगरचे जुने पेशंट. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर निलम मॅडमनी रक्त तपासून त्यावर फक्त शिक्का मारला. सेनगाव तालुक्यात शुगरची माणसं उदंड आहेत; पण शुगरचा बोका एकच, आणि तो पुसेगावात, नानांच्या घरी. लग्नात, एसटीत, मयतीला, कुठंही गप्पा थंडावल्या की नाना हळूच विषय काढत.

"मला गोळीवर भागतंय. आमच्या जमादाराला इंजेक्शन लागतं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात, पोरगं आपल्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर गेलेल्या बापाचा सूर असायचा. पहिल्यांदा औषध आणायला गेले तेव्हा मेडिकलवाल्यानं पेशंटचं नाव विचारलं. नाना म्हणाले, "जमादार विश्वंभरराव." वय विचारलं. "आठ." मेडिकलवाला हळहळला, "अरारा, एवढ्याशा लेकराला!" नानांनी मोठ्या मनानं ती हळहळ स्वीकारली. बोका आहे हे सांगून त्या भल्या माणसाची सहानुभूती वाया घालवणं त्यांना बरं वाटलं नाही.

तर असा हा जमादार जेवेना. आणि बोका जेवत नाही एवढ्यावर हे संपत नव्हतं. मॅडमनी दंडक घालून दिला होता: आधी जेवण, मग सुई. उपाशीपोटी सुई दिली तर साखर धाडकन खाली येणार आणि बोका जागेवर आडवा होणार. सुई नाहीच दिली तर साखर चढत जाणार आणि बोका आडवाच होणार, फक्त सावकाश. सगळं घोडं एका घासावर अडलं होतं.

नानांनी मॅडमना फोन लावला. त्या कुठल्याशा वस्तीवर गुरांना लस टोचत होत्या. मागून वासरं हंबरत होती. "सुई देऊ नका! उद्या सकाळी घेऊन या!" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

"अवो, तुमी तरी जेवून घ्या," चतुराबाई म्हणाल्या. नानांच्या संसाराचा लगाम त्यांच्या हातात होता आणि तो त्या ढिला सोडत नसत. "बोका रुसला म्हणून घरानं उपाशी ऱ्हायचं काय?"

"मला न्हाई जेवण जात."

"तुमाला बी शुगर हाय."

"मंग?"

"मंग काय, व्हा दोघं बी आडवे. मी मधी बसते."

आता नानांच्या अंगणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. हळदीचे दिवस होते. हळद शिजवून, वाळवून झाली की तिची साल उतरवायला ती पत्र्याच्या भल्यामोठ्या ड्रममध्ये घालून गरगरा फिरवतात. शहाणी माणसं हा उद्योग शेतात करतात. नानांनी ड्रम अंगणात मांडला होता, कारण हळद नजरेआड फिरली तर तिचा रंग उतरतो, असं त्यांचं मत होतं. ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ उठायची. ती देव्हाऱ्यावर बसली होती, टीव्हीवर बसली होती, म्हशीच्या शिंगांवर बसली होती. सून पुनम सकाळी लेकराचं तोंड धुवायची तर पाणी पिवळं निघायचं. जमादार मुळात पांढरा आहे हे आता जुने फोटो पाहूनच कळत होतं. पण तक्रार करायची कुणाची टाप नव्हती. वसमतच्या बाजारात नानांच्या हळदीचं पोतं सुटलं की शेजारच्या पोत्यांचे मालक तोंड वळवतात, असं नाना सांगत. आणि ते सांगताना तेही थोडे पिवळेच दिसत.

शेजारच्या भिकाबाई ताक मागायला आल्या आणि पेशंट पाहून बसल्या.

"जीभ मेली असंल याची. हळद लावली का?"

नानांनी कपाळावर हात मारला. घरात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि हळद लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं! हिंगोली जिल्ह्यातला माणूस पाय मुरगळला तरी हळद लावतो आणि मन मुरगळलं तरी हळदीचं दूध पितो. भिकाबाईंनी ताजी, बारीक, पहिल्या प्रतीची हळद घेतली आणि जमादाराच्या कपाळाला, गळ्याला आणि नाकाला सढळ हातानं चोपडली. जमादार लागोपाठ शिंकला.

"बघा," भिकाबाई म्हणाल्या, "गुण येऊन राहिला."

दुपार झाली. गुण आला नाही. जमादार भिंतीकडं तोंड करून बसला तो बसलाच. भिकाबाईंनी त्याला या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, आणि निदान बदललं.

"जेवत न्हाई, बोलत न्हाई, तोंड फिरवून बसलाय. नानाजी, हे दुखणं न्हाई. हा रुसवा हाय. दगडोबाला बोलवा."

दगडोबा म्हणजे पंचक्रोशीतले रुसवे काढणारे गृहस्थ. लग्नात जावई ताटावरून उठला, व्याह्याला फेटा आखूड पडला, वरमाईला साडी हलकी वाटली, की त्यांना घ्यायला जीप जाते. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी रुसलेल्याची बाजू घ्यायची, मग घरच्यांना चारचौघांत झापायचं, मग मानपान करायचा, आणि माणूस जरा सैल पडला की तोंडात घास कोंबायचा. त्यांच्या हातून उपाशी उठलेला जावई अजून कुणी पाहिला नव्हता.

बोक्याचा रुसवा काढायचा म्हटल्यावर दगडोबा हसतील, अशी नानांना धास्ती होती. दगडोबा हसले नाहीत. धंद्यातला माणूस गिऱ्हाईक पाहून हसत नाही. त्यांनी पाट मागवला, पाटावर जमादाराला बसवला, समोर मांडी घातली आणि दोन्ही हात जोडले.

"पाव्हणं, चुकलं आमचं."

जमादारानं डोळे मिटले.

"बघा, लई खोलवर लागलंय," दगडोबा घरच्यांकडं वळले. "कोण काय बोललं याला? खरं सांगायचं. इथं लपवाल तर ताटावर बाहेर येतंय."

चतुराबाईंनी पदर सावरला. "परवा दुधाच्या पातेल्याशी गेलता. मी फडकं मारलं."

"कोरडं का ओलं?"

"ओलं."

भिकाबाईंनी चक् चक् केलं. दगडोबांनी मान हलवली. मग पुनम पुढं आली. तिनं जमादाराचा पालथा पडून झोपलेला फोटो काढून त्यावर 'आमचा जाडू' असं लिहून मोबाईलला स्टेटस ठेवलं होतं, आणि ते माहेरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

"माहेरच्यांनी बी?" दगडोबा हबकले. "मंग जेवंल कसा तो? तुमी जेवला असता काय, नाना?"

नानांनी कबूल केलं की नसते जेवले. अर्ध्या दाढीनं ते हे बोलले, म्हणून ते अधिकच खरं वाटलं.

मानपानाला टॉवेल-टोपी आली. टॉवेल अंगावर टाकल्यावर जमादार पूर्ण झाकला गेला. टोपी डोक्यावर ठेवली ती गळ्यापर्यंत उतरली आणि पाव्हण्यांचं तोंड शोधावं लागलं. हळद-कुंकू लावायचं तर हळद आधीच भरपूर होती. पण रीत मोडायची नाही म्हणून चतुराबाईंनी वर आणखी बोट ओढलं. मग दगडोबांनी पनीरचा तुकडा उचलला, आणि ज्या आवाजानं आजवर कितीतरी जावई विरघळले होते तो आवाज काढला.

"एकच घास. या म्हाताऱ्याच्या नावानं."

टॉवेल हळूच हलला. सगळे पुढं वाकले. जमादारानं टॉवेलसकट गिरकी घेतली आणि दगडोबांकडं पाठ केली.

दगडोबांनी तुकडा वाटीत ठेवला. मग म्हणाले, "नाना, इतकं ताणणारा जावई एकदाच पाह्यला होता. त्याला मोटरसायकल पायजे होती. याच्या मनात काय हाय ते काढून घ्या."

लोक गेले. नानांनी टोपी काढली आणि जमादाराला उचलून घेतलं. एरवी त्याला उचलायचं म्हणजे कंबर सांभाळावी लागे. आज तो सहज वर आला. हाताला बरगड्या लागल्या. नाना त्याला तसंच मांडीवर घेऊन बसले. चतुराबाईंनी त्यांच्यापुढं ताट आणून ठेवलं. "जेवा," एवढंच म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून नाना मुकाट्यानं जेवले.

सकाळी भाजीच्या टोपलीत जमादार, वर दुसरी टोपली पालथी, भोवती सुतळी, असा सरंजाम मुन्नाच्या जीपमध्ये चढला. मुन्ना जीप चालवत सेनगावच्या फेऱ्या मारतो आणि गावातल्या बातम्या सवाऱ्यांबरोबर फुकट नेतो. त्यामुळं टोपलीत कोण आहे हे नानांना कुणाला सांगावं लागलं नाही. एकानं गोमूत्र सुचवलं, एका बाईनं नजर काढायला सांगितली, आणि मागं लोंबकळणाऱ्यानं विचारलं, "नाना, ह्यो रुसलेला जावई तुमचा का?" नानांनी रस्त्यावरच्या सोयाबीनच्या गोदामाकडं अत्यंत बारकाईनं पाहिलं.

गुरांच्या दवाखान्यात नोंद करणाऱ्या इसमानं मान वर न करता विचारलं, "टॅग नंबर?"

"कशाचा?"

"कानात पिवळा बिल्ला असतो ना, जनावराच्या? त्याचा."

नानांनी टोपली किंचित उघडली. त्या बिल्ल्यापेक्षा जमादाराचा कान लहान होता. इसमानं आत पाहिलं, पेन थांबवलं. "गाय, म्हैस, शेळी, मेंढी... याला 'इतर'मध्ये टाकतो."

"इतर?" नाना ताठ झाले. उपसरपंच असताना त्यांनी ग्रामसभेत ज्या आवाजात ठराव मांडले होते तो आवाज आपोआप लागला. "तालुक्यातला एकमेव शुगरचा बोका हाय हा. ह्याला 'इतर' म्हणता?"

"मग काय म्हणू? अपवाद?"

वाद चिघळला असता, पण निलम मॅडम बाहेर आल्या. "मांजराला टॅग लागत नाही. या नाना आत." त्यांनी जमादाराला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, रक्त तपासलं, कातडीखाली थोडं सलाईन दिलं. मग ओला कापूस घेऊन नाक पुसलं. कापूस पिवळा झाला. दुसरा घेतला. तोही पिवळा. तिसरा फिक्कट पिवळा निघाला.

"हे काय आहे?"

"हळद. औषध म्हणून लावली."

"आणि नाकाच्या आतली?"

नानांनी अंगणातल्या ड्रमबद्दल सांगितलं. सांगताना ओघात वसमतच्या बाजाराबद्दलही सांगितलं, आणि रंगाबद्दल.

"रंग सुरेख आहे," मॅडम कापसाकडं पाहत म्हणाल्या. "पण नाना, मांजर नाकानं जेवतं. वास आला तरच त्याला भूक लागते. याचं नाक तुम्ही धुळीनं भरलंत, आणि वर लेप दिलात. त्याच्या लेखी तुमच्या वाटीत काहीच नाही. रिकाम्या वाटीसमोर बसून तो तरी काय करील?"

सगळ्या आयुष्यात त्यांच्या हळदीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि आता ठेवलं ते अशा जागी, की भांडताही येईना. कारण साक्षीदार टेबलावर पडून शिंकत होता.

"ड्रम आजच्या आज हलवा. हे थेंब नाकात सोडा. आणि वासाचं, कोमट काहीतरी द्या. मी पहिल्यापासून सांगतेय. सुकट द्या."

"पनीरच कोमट करून..."

"पनीरला तसा वास असता, तर तुम्ही ते घरात आणलं असतं का?"

"मॅडम, आमच्या घरात पाच पिढ्यांत अंडं फुटलेलं न्हाई."

"सुकट फुटत नाही, नाना." मग त्या जरा थांबल्या, आणि आवाज बदलला. "संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात काही गेलं पाहिजे. गेलं की लिहून दिलीय तेवढी, कमी मात्रेची सुई द्या. नाही गेलं तर परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आणि तेवढी ताकद त्याच्यात राहील का, हे मला सांगता येत नाही."

त्या दिवशी सेनगावचा बाजार होता. नाना मेथी घ्यायला निघाले. मेथीवाल्यांच्या रांगेपासून सुकटवाल्यांची रांग बरीच लांब आहे. तरी नाना मेथीची मोठी जुडी काखेत धरून, टोपली दुसऱ्या हातात घेऊन, आभाळाकडं बघत तिथं पोचले. सुकट विकणाऱ्या पारुबाईंनी त्यांना तीनदा समोरून जाताना पाहिलं आणि चौथ्यांदा हाक मारली.

"या की मालक. लाजू नका."

"बोक्याला पायजे होती," नाना घाईनं म्हणाले.

आजूबाजूचं गिऱ्हाईक खदखदून हसलं. पारुबाई मात्र गंभीर होत्या. "बराबर हाय. इथं समदे बोक्यालाच नेतात. माणसासाठी कुणीच न्हाई घेत."

"अहो, खरंच बोका हाय. ह्यो काय," म्हणत नानांनी टोपली पुढं केली.

पारुबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि मूठभर सुकट वर जास्तीची टाकली. "तुमीच पहिले. बाकी कुणी बोका बरूबर आणत न्हाई."

परतीच्या जीपमध्ये सुकट मेथीच्या पोटात होती. पुलाच्या अलीकडंच तिनं मेथीला जुमानायचं सोडून दिलं. सवाऱ्या एकमेकींकडं पाहू लागल्या. मुन्नानं आरशातून मागं पाहिलं.

"नाना, मेथीला भलताच वास येऊन राहिला."

"नवं वाण हाय," नाना म्हणाले.

टोपलीत मात्र काहीच हालचाल झाली नाही. साऱ्या जीपला जो वास असह्य झाला होता, तो ज्याच्यासाठी घेतला त्याला अजून पोचला नव्हता.

घरी येताच नानांनी ड्रम थांबवला. सालगडी आ वासून पाहत राहिले. अर्धं पोतं ड्रममध्ये, अर्धं बाहेर. "शेतात न्या. आत्ताच्या आत्ता," नाना म्हणाले. अंगणात पाण्याचा सडा मारून घेतला. धूळ बसली. नाकात थेंब सोडताना जमादारानं ओरखडा काढला तेव्हा नानांना बरं वाटलं. अंगात अजून जमादारकी शिल्लक होती.

मग मेथीची जुडी सुटली आणि चतुराबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"माझ्या चुलीवर न्हाई. माझ्या गॅसवर न्हाई. माझ्या भांड्यात न्हाई."

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमच्या चुलीवर करा."

नानांनी जुनं घमेलं शोधलं आणि गोठ्यामागं तीन विटा मांडल्या. सुकट धुतली, खारटपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली, विस्तव पेटवला. घमेलं तापलं, आणि गोठ्यामागचा वारा सगळा वास उचलून सरळ ओढ्याकडं घेऊन गेला. जमादार पुढच्या दारी टोपलीत पडून होता. त्याला उचलून इकडं आणावं तर इथं शेणाचा, पेंडीचा, म्हशीचा, सगळ्यांचा वास एकात एक. नानांनी गोठ्याच्या कडेनं पुढं पाहिलं. पुढच्या अंगणाला ओढ्याकडं जाणारा वारा लागत नव्हता. पण पुढच्या अंगणावरून सारा गाव जात होता. तिथं पाच पिढ्यांत अंडं फुटलं नव्हतं.

त्यांनी धोतराचा सोगा हाताला गुंडाळला, तापलेलं घमेलं उचललं, आणि घराला वळसा घालून थेट अंगणाच्या मध्यभागी, ड्रम होता त्या जागी आणून ठेवलं. मग जाऊन विटा आणल्या. मग विस्तव आणला. प्रत्येक खेपेला रस्त्यावरून कुणीतरी थांबत होतं. नानांनी कुणाकडं पाहिलं नाही. घमेल्यापुढं मांडी घातली, सुकट परतली, वर पाण्याचा हबका मारला. वाफेचा लोट उठला.

पहिल्यांदा भिकाबाई आल्या, पदर नाकाला लावून. मग दगडोबा आले. मानपान फुकट गेल्याचं दुःख अजून त्यांच्या तोंडावर होतं. मग मुन्ना आला, नवं वाण बघायला. कुंपणाशी माणसं जमली. कुणी हळूच म्हणालं, "नाना बाटले." कुणी म्हणालं, "शुगर डोक्यात गेली." नानांना सगळं ऐकू येत होतं. ते घास निवत ठेवून फुंकर घालत होते.

त्यांनी टोपली जवळ ओढली. कोमट घास जमादाराच्या नाकापुढं धरला.

काही झालं नाही.

नानांनी हात मागं घेतला नाही. मग जमादाराची उजवी मिशी हलली. नाकपुडी हलली. त्यानं मान उचलली, जणू फार लांबून कुणी हाक मारत होतं आणि ती आत्ता ऐकू आली. जीभ बाहेर आली. घासाची एक बाजू चाटली गेली. मग दातांचा बारीक कुर्र आवाज झाला, आणि कुंपणाशी उभं असलेलं सगळं गाव टाचा उंचावून पाहू लागलं. दुसरा घास त्यानं नानांच्या बोटासकट धरला.

"अवो, सरका," मागून चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर नाकाशी दातांत धरला होता, एका हातात इंजेक्शन होतं, मॅडमनी लिहून दिलेल्या मात्रेवर अचूक भरलेलं. दुसऱ्या हातानं त्यांनी जमादाराची मान धरली, तीही प्रेमानं. नानांनी सुई दिली. जमादारानं खाणं थांबवलं नाही.

नाना उठून उभे राहिले. धोतराला काजळी, हाताला सुकट, गालाला अर्धी दाढी. पण अंगणात असे उभे होते, की वसमतच्या बाजारात पहिलं पोतं सोडतानाही कधी राहिले नसतील.

दगडोबांना राहवलं नाही. गावातर्फे कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

"नाना, साऱ्या गल्लीला वास येऊन राहिला."

नानांनी खाली पाहिलं. जमादार घमेल्याच्या कडेला पंजा टेकून आणखी मागत होता.

"गल्लीचं मला काय सांगता, दगडोबा," नाना म्हणाले. "त्याला आला."